हलका हात

लाँड्रीत येणारे कपडे दोनच प्रकारचे असतात, असं मालक म्हणत: मळलेले आणि डागलेले. मळलेल्याला यंत्र पुरतं, डागलेल्याला माणूस लागतो. त्या दुकानात ते माणूस म्हणजे ती. सगळे तिला डागवाली म्हणत. मालक तेवढे डागवाल्या बाई म्हणत. इस्त्रीवाला तिला तोंडावर वहिनी म्हणे, आणि पाठीमागे काय म्हणे तेही तिला ठाऊक होतं, कारण ते तो तोंडावरही म्हणे.

तिचं टेबल मागच्या खोलीत होतं. खोलीला खिडकी होती, पण ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे बघत असल्यामुळे तिचा उपयोग भिंत बघण्यापुरताच. टेबलावर वाफेची बंदूक, आखूड केसांचे ब्रश, हाडाची एक बोथट सुरी आणि एका रांगेत तपकिरी बाटल्या. चहाची बाटली वेगळी, शाईची वेगळी, रक्ताची वेगळी, आणि कशाचा डाग आहे हे सांगायला गिऱ्हाईक लाजतं त्याची वेगळी. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाफेने कधीच गळून पडल्या होत्या. बाटली उघडायची, नाकापाशी न्यायची, की कळतं कुठली.

या कामात औषध लावण्याला 'हात' म्हणतात. भिंतीला रंगाचा हात देतात, तसाच. भारी हात म्हणजे कडक औषध, एकदाच, आणि मग जे होईल ते. हलका हात म्हणजे औषध थोडं, टोकाटोकाने, पण वाळलं की पुन्हा, वाळलं की पुन्हा, डाग सुटेपर्यंत. घाईतल्या कारागिरांचा हात भारी असतो. तिचा हलका. भल्या भल्या कोटांवरचे डाग तिने असे पाठीमागे लागून काढले होते, की गिऱ्हाइकांनाच शंका यायची, हा कोट आपलाच ना.

तिच्याआधी त्या टेबलावर एक म्हातारी बसायची. औषधांचा वास गोडसर, आणि तो वर्षानुवर्षं नाकात जात राहिला की नाक हळूहळू कामातून जातं. म्हातारीला शेवटी शेवटी दूध नासलेलं कळत नसे, भाजी करपलेली कळत नसे. मग एक दिवस ती आली नाही. तिच्या घरी काय झालं, गॅस कसा चालू राहिला, हे कुणी धड सांगत नसे. विषय निघाला की इस्त्रीवाला समोरच्या शर्टाच्या कॉलरीत मान घालून बसे, आणि एरवी त्याला गप्प बसवायला खूप काही करावं लागे.

त्या हिवाळ्यात एका सकाळी डागवालीने चहाचा कप तोंडाला लावला आणि चहाला वास नव्हता. सर्दी असेल म्हणून तिने दुसऱ्या दिवशीची वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी सर्दी नव्हती. वासही नव्हता. दुपारपर्यंत थोडा परत आला, लांबून हाक मारल्यासारखा. तिने हे घरी कुणाला सांगितलं नाही. म्हातारीनेही सुरुवातीला सांगितलं नसणार, एवढं मात्र तिच्या मनात आलं.

म्हणूनच मालकांनी मोठ्या रस्त्यावर नवं दुकान काढायचं ठरवलं, तेव्हा तिने स्वतः जाऊन विचारलं. नव्या दुकानात फक्त कपडे घ्यायचे आणि द्यायचे. काम जुन्या दुकानातच व्हायचं. समोर काच, आत काउंटर, काउंटरमागे खुर्ची. वाफ नाही, बाटल्या नाहीत.

"बाई, तुम्ही बसलात तर मला सोनंच," मालक म्हणाले. "डाग बघताक्षणी निघेल की नाही सांगाल. फक्त..."

"फक्त काय?"

"राग मानू नका. काउंटरवरचं तोंड म्हणजे दुकानाची पाटी असते. डाग काढायच्या दुकानावर..." त्यांनी स्वतःच्या गालाकडे बोट नेलं आणि तिथेच ठेवलं, जणू त्यांनाच तिथे खाजत होतं.

तिच्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी चट्टे होते. धाकट्याच्या वेळी दिवस राहिले तेव्हा आले, मूल झालं तरी गेले नाहीत, आणि वाफेत गडद होत गेले. आरशात बघून तिने त्यांचं निदान फार पूर्वीच करून ठेवलं होतं: चहाचा, जुना, आत मुरलेला, कडा धरलेला. असा डाग कोटावर असता तर तिने 'निघेल, वेळ लागेल' म्हणून पावती फाडली असती.

"किती वेळ आहे नव्या दुकानाला?" तिने विचारलं.

"काचवाला जेवढा वेळ लावेल तेवढा," मालक म्हणाले. म्हणजे भरपूर होता.

*

कातडीच्या डॉक्टरीणबाई कामात बुडालेल्या होत्या, पण वाईट नव्हत्या. त्यांनी दिवा ओढून तिच्या गालावर धरला.

"काम काय करता?"

"डाग काढते."

डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं. "मीही." मग दोघी हसल्या. "पण हा डाग नाही बरं का. याला वांग म्हणतात. बाहेरून काही सांडलेलं नाही. तुमच्या कातडीचाच रंग एका जागी जास्त तयार होतोय. ऊन आणि उष्णता लागली की आणखी. वाफेत काम आहे?"

"तेच सोडायचंय."

"छान. मलम देते. यात तीन औषधं आहेत, त्यातलं एक जरा जोरदार आहे. फक्त रात्री, चट्ट्यांपुरतं. सकाळी धुऊन वर सनस्क्रीन. दोन महिन्यांनी मला दाखवायचं, मग मी हे बंद करणार. मला न विचारता पुढे चालू ठेवायचं नाही."

"दाखवते."

"आणि हलक्या हाताने लावायचं."

"हलक्या हाताने," ती म्हणाली.

"अगदी हलक्या."

"ते मला सांगायला नको, डॉक्टर."

डॉक्टरीणबाईंना हे आवडलं. सांगितलेलं एका दमात समजणारी माणसं त्यांच्याकडे फार येत नसत. दोन जाणकारांचं एका शब्दावर इतकं चटकन एकमत झालेलं क्वचितच पाहायला मिळतं. दोघी समाधानाने उठल्या.

त्या रात्री तिने चट्ट्यांच्या कडेपासून आत, बोटाच्या टोकाने, मलमाचा पहिला हात दिला. वाळू दिला. मग दुसरा. झोपण्याआधी तिसरा. सकाळी तोंड धुतल्यावर चट्टा जरा फिका वाटला, आणि सुटायला लागलेला डाग अर्ध्यावर सोडणं तिच्या रक्तात नव्हतं, म्हणून कामावर निघताना आणखी एक. 'फक्त रात्री' हे शिकाऊ माणसांसाठी असणार, असा तिने अर्थ लावला. तिच्या बाटल्यांच्या खोक्यांवरही असंच काहीबाही छापलेलं असे. सनस्क्रीन तिने उघडून बोटांवर चोळून पाहिलं आणि झाकण लावून टाकलं. तेलकट होतं. डागावर तेलकट लावणं म्हणजे डाग पक्का करणं, हे लाँड्रीत पहिल्या दिवशी शिकवतात.

सुरुवातीला तोंड लाल झालं आणि सालपटं निघाली. ती खूश झाली. डाग हलला होता.

*

काचवाल्याने आपल्या लौकिकाला जागून वेळ लावला. मधल्या काळात तिचे गाल उजळत गेले. असे उजळले की इस्त्रीवाल्याने इस्त्री बाजूला ठेवून बघितलं.

"वहिनी, कुणी तुम्हाला चुकून पांढऱ्या कपड्यांच्या यंत्रात घातलं का?"

"तुम्हाला घालायला हवं एकदा."

"मला नको. माझा पक्का रंग आहे, दुसऱ्यांचे कपडे खराब व्हायचे."

नवरा बसचालक. समोरच्या काचेतून दिसतं त्याखेरीज जगातलं फारसं काही त्याच्या नजरेत भरत नसे. तोही एका रविवारी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. "तुझं काहीतरी बदललंय," तो म्हणाला. "चष्मा काढलास?" तिला चष्मा कधीच नव्हता.

पण खरी दखल घेतली जाऊबाईंनी. धाकटी जाऊ त्याच घरात, मधल्या दारापलीकडच्या दोन खोल्यांत राहायची. मोरी एक, मोरीतला आरसा एक. जाऊ तिला ताई म्हणायची, आणि त्या ताईत आदर किती आणि टोमणा किती हे वजन करून सांगणं अवघड होतं.

"ताई, गालाला हात लावू का जरा? नको, ठसे उठतील."

"लाव की."

"काय लावतेस गं? सांग ना. माझ्या हनुवटीवर बघ, पुटकुळी गेली आणि डाग ठेवून गेली."

"तुझा तो डाग म्हणायच्या लायकीचा नाही."

"सगळे तुझ्यासारखे मोठे डाग कुठून आणणार?"

तेव्हा डागवालीने, कुठल्याही कारागिराला आपलं काम कुणी विचारलं की होतं तसं फुलून, तिला सगळं सांगितलं. मलम कुठलं, कडेपासून आत कसं जायचं, वाळू कसं द्यायचं. "मुख्य म्हणजे हलका हात. पण सोडायचं नाही. सुटेपर्यंत." जाऊने मान डोलावली. ती अशी कधी कुठल्या गोष्टीला मान डोलवायची नाही.

दोन महिने झाले तेव्हा डॉक्टरीणबाईंकडे दाखवायला जायचं होतं. ती गेली नाही. आळस नव्हता, विसरही नव्हता. तिच्या धंद्यात डाग निघालेलं गिऱ्हाईक परत येत नाही; परत येतं ते भांडायला. बाईंनी इतकं चांगलं मलम दिलं, आणि आपण त्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं, हे तिला तक्रारीसारखं वाटलं. ट्यूब संपली की ती औषधांच्या दुकानात जायची.

"कागद?" औषधवाला पहिल्यांदा म्हणाला.

"तेच मलम. मागचंच."

"फार दिवस लावू नका हं हे," तो ट्यूब पुढे सरकवत म्हणाला, ज्या सुरात तो प्रत्येकाला 'ऊन वाढलंय' म्हणे त्याच सुरात. पुढच्या वेळेपासून त्याने तेही म्हणायचं सोडलं.

*

नवं दुकान उघडलं आणि ती काउंटरमागच्या खुर्चीवर बसली. पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाने काउंटरवर पिशवी ठेवली, आणि तिला संत्र्याचा वास आला. पिशवीत खरंच संत्री होती. गिऱ्हाईक कोटाच्या बाहीविषयी काहीतरी सांगत राहिलं, आणि ती इतकं मन लावून ऐकतेय हे बघून भारावून गेलं. ती वास घेत होती. पुसट, ओलसर, लांबून आलेला का होईना, वास होता. नाक परत येत होतं. म्हातारीच्या वाटेवरून ती मागे फिरली होती.

काच मालकांनी स्वतः निवडली होती. बाहेरून आतलं सगळं स्वच्छ दिसावं, अशी. दुपारनंतर तिच्यातून ऊन आत यायचं आणि बरोबर खुर्चीवर बसायचं. मालकांना त्याचंही कौतुक होतं. दिवे लावावे लागत नाहीत, म्हणत.

काही दिवसांनी तिच्या लक्षात आलं की ऊन गालाला टोचतं. मग साधं पाणीही चुरचुरायला लागलं. आरशात जवळून पाहिलं तर कातडी काचेसारखी झाली होती, तकतकीत, आणि तिच्याखाली बारीक लाल दोरे, जुन्या रेशमाची वीण विरायला लागली की दिसतात तसे. तिने एक रात्र मलम लावलं नाही. सकाळी तोंड सुजून तापलं होतं, आणि त्या तापलेल्या लालीखालून दोन्ही चट्टे वर येऊन बसले होते.

डाग परत उठला, एवढंच तिने म्हटलं. कपड्यात असं होतं. वरचा निघतो, खाली मुरलेला वाळताना वर येतो. त्यावर उपाय एकच, पुन्हा हात. तिने पुन्हा हात दिला आणि तोंड शांत झालं. इतकं शांत, की पुन्हा एकही रात्र सोडायची हिंमत तिला झाली नाही.

पुढे गालाच्या हाडावर ठिपके दिसले. तपकिरी नव्हे, निळसर काळे, दाट, शाईने टोचल्यासारखे. पावतीपुस्तकातल्या कार्बनचा हात लागला असेल, असं तिला आधी वाटलं. दिवसभर पावत्या फाडायच्या. तिने साबणाने धुतले, ओल्या फडक्याने टिपले. फडकं पांढरं राहिलं. एवढा काळा डाग आणि फडक्यावर काहीच उतरत नाही, असं इतक्या वर्षांत तिने पाहिलं नव्हतं. ती पांढरं फडकं हातात धरून मोरीत उभी राहिली. पलीकडून जाऊने दार वाजवलं.

"ताई, आत राहायला गेलीस का कायमची?"

"आले."

ठिपके एकमेकांना मिळत गेले. मलमाचे सर्वात जास्त हात जिथे पडले होते बरोबर तिथे, तिच्याच बोटांनी आखून दिलेल्या कडांच्या आत. ती हात वाढवत गेली.

गिऱ्हाइकं सभ्य होती. सभ्य माणसं तोंडाकडे न बघता पावती घेतात. फक्त एका म्हाताऱ्या बाईने कोट देता देता तिच्या हातावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "भाजलं का हो? वाफेने?" मालक तेव्हा आतच होते. त्यांनी ऐकलं नाहीसं दाखवलं. संध्याकाळी त्यांनी काउंटरवरचा दिवा उचलून पलीकडे ठेवला. दुसऱ्या दिवशी दिवा कमी पडतो म्हणून पुन्हा अलीकडे आणला. मग म्हणाले, "बाई, काही दिवस आत बसता का? जुन्या दुकानात डाग फार साचलेत. तुमच्यासारखं कुणाला येत नाही."

*

डॉक्टरीणबाईंनी दिवा ओढला, आणि या वेळी दोन्ही गाल बोटांनी ताणून तपासले.

"तेव्हापासून हेच चालू?"

"हेच."

"दिवसाकाठी किती वेळा?"

तिने सांगितलं.

"मी रात्री एकदा म्हटलं होतं."

"हलक्या हाताने म्हणालात."

"हो, मग?"

"मग तेच केलं. थोडं थोडं, सुटेपर्यंत."

डॉक्टरीणबाई खुर्चीत मागे टेकल्या. "बाई, हलक्या हाताने म्हणजे कमी. फक्त कमी."

"आमच्यात पुन्हा पुन्हा."

मग डॉक्टरीणबाईंनी सगळं सांगितलं, न रागावता, आणि तेच ऐकायला जास्त जड गेलं. जे औषध रंग फिका करतं तेच फार दिवस, फार लावलं, वर ऊन घेतलं, की कातडीच्या आत नवा काळा रंग धरतं. जे औषध लाली दाबतं ते कातडी विरवतं, आणि ते अचानक सोडलं की तोंड पेटतं. मलम सोडायचंच, पण त्या सांगतील तशा पायऱ्यांनी. पुढचे काही महिने तोंड आहे त्याहून वाईट दिसेल.

"आणि हे काळं? निघेल?"

"कमी होईल कदाचित. निघेल असं मी नाही सांगणार."

"रंग सुटला म्हणायचा," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"डाग काढताना कापडाचाच रंग गेला, तर तसं म्हणतात. म्हणून औषध आधी आतल्या शिवणीवर लावून बघायचं असतं, दिसत नाही तिथे." तिने गालाला बोट लावलं. "तोंडाला आतली शिवण नसते."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहायला सुरुवात केली. पहिल्यांदा लिहिलं त्याहून खूप मोठ्या अक्षरात, सावकाश, आणि प्रत्येक ओळ तिला वाचून दाखवत.

*

काउंटरची खुर्ची रिकामी ठेवून चालणार नव्हतं. मालकांना ओळखीतलं, विश्वासाचं माणूस हवं होतं. दिराची नोकरी तेव्हा डळमळीत होती. जाऊ काउंटरवर बसली. हसून बोलायची, पावत्या नीट फाडायची, गिऱ्हाइकांना आवडायची. डाग बघून निघेल की नाही हे तिला सांगता येत नसे, तेवढ्यासाठी ती अवघड कपडे घेऊन जुन्या दुकानात मागे यायची.

डागवाली तिच्या टेबलापाशी परतली होती. तोंडाला मऊ सुती रुमाल बांधायची, वाफेसाठी म्हणून. इस्त्रीवाल्याने त्यावर अजून एकही विनोद केला नव्हता, आणि त्यामुळे तिला रोज सकाळी त्याच्यासमोरून जाणं कठीण व्हायचं.

त्या दुपारी जाऊ एक करडा कोट घेऊन आली आणि टेबलावरच्या दिव्याखाली वाकली. "हे बघ ताई, इथे. चहा असेल का?"

डागवालीने कोट बघितला नाही. दिवा तिने जरा वर केला. जाऊच्या हनुवटीवरचा तो डाग म्हणायच्या लायकीचा नसलेला डाग गेला होता. हनुवटी गोरी, गुलाबीसर, तकतकीत होती. गालही.

"तोंडाला काय लावतेस?"

"काही नाही."

"मी डाग बघून पोट भरते. काय लावतेस?"

जाऊने कोटाची बाही सारखी केली. "तुझी राहिलेली ट्यूब होती मोरीत. टाकूनच देणार होतीस. ती संपली, मग दुसरी आणली. कागदसुद्धा मागितला नाही त्याने."

"माझं तोंड बघतेस ना रोज?"

"तुझं वेगळं गं, ताई. तू घासत बसलीस, वर वाफ. मी नाही तसं करत." तिने समजूत घातल्यासारखं म्हटलं. "मी हलक्या हाताने लावते. तूच शिकवलंस."

डागवालीने रुमाल खाली ओढला. सगळं तोंड दिव्यात आणलं. "आज घरी गेल्यावर ती ट्यूब माझ्या हातात द्यायची. आणि उद्या माझ्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे यायचं. एकदम सोडायचंही नाही. ऐकलंस?"

जाऊने बघितलं, आणि पटकन दुसरीकडे बघितलं, गिऱ्हाइकं बघायची तसं.

"देते ना," ती म्हणाली. "येईन. जाते आता, दुकान उघडं टाकून आलेय."

'दाखवते' असं डागवाली स्वतः डॉक्टरीणबाईंना ज्या सुरात म्हणाली होती, तोच सूर होता. तिने तो ओळखला. पुढच्या दाराची घंटी वाजली, जाऊची पावलं उन्हात गेली.

ती कोटाकडे वळली. चहाच होता, नवा, कडा न धरलेला. रांगेतली एक बाटली तिने उचलली, झाकण काढलं, नाकापाशी नेली. थांबली. ती ठेवून दुसरी उचलली, मग तिसरी. बराच वेळ ती बाटल्या एकामागून एक नाकापाशी नेत राहिली, आणि दारातून इस्त्रीवाला, हातातली इस्त्री उभी करून, बघत राहिला.

"वहिनी," तो म्हणाला, "उजवीकडून दुसरी. चहाची."

तिने मान डोलावली, ती बाटली घेतली, कोट उलटा केला आणि आतली शिवण शोधायला लागली.